नव्वद रेटे, शहात्तर पायऱ्या

बाविसाव्या रेट्याला भिवा थांबला.

होडी धड मधोमध नव्हती आणि काठालाही नव्हती. बांबू चिखलात रुतवून भिवा तसाच उभा राहिला. एक हात बांबूवर, दुसरा छातीच्या हाडावर. होडीत आम्ही सात माणसं, दोन शेळ्या आणि माझी औषधांची पेटी. सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. शेळ्यासुद्धा.

"डाक्टरानू," भिवा म्हणाला, "माज्याकडे नको. पान्याकडे बगा."

मी पाण्याकडे बघितलं. दोन मिनिटांनी बांबू पुन्हा हलला.

ही गोष्ट पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. सिंधुदुर्ग जिल्हा अजून जन्माला यायचा होता, आम्ही रत्नागिरीचेच होतो. मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात मी सरकारी दवाखान्याचा मेडिकल ऑफिसर होतो. वय अठ्ठावीस. मिशी नवी, पदवी नवी आणि अक्कल यायची होती. राहायला खाडीच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे. पूल नव्हता. रोज सकाळ-संध्याकाळ तर पकडायची, म्हणजे भिवा तारीची होडी.

रेटा म्हणजे काय ते सांगतो. तारी होडीच्या टोकाला उभा राहतो, लांब बांबू तळाला टेकवतो आणि सगळं अंग त्यावर टाकून होडी पुढे लोटतो. तो एक रेटा. बेताची भरती असली की आमची खाडी बरोबर नव्वद रेट्यांत पार व्हायची. मला हे ठाऊक होतं, कारण मला मोजायची खोड होती. नाडी मोजायची, श्वास मोजायचे, हाताशी काही नसेल तर रेटे मोजायचे. तेव्हा कार्डिओग्राफचं मशीन बघायचं तर घाट चढून जावं लागे. माझ्यापाशी भिवाची होडी होती, आणि खरं सांगतो, ते मशीन उत्तम चालायचं.

गणपतीत भिवाच्या छातीत कळ यायची ती साठाव्या रेट्याला. शिमग्याला चाळिसाव्या. आणि आता, चैत्रात, बावीस.

कळ कशाची? हृदय हा स्नायू आहे. सगळ्या अंगाला रक्त पुरवतो, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते त्याला दोन-तीन धमन्या देतात. त्यातली एखादी आतून चुन्यासारखी भरत गेली की बसल्या जागी रक्त पुरतं, मेहनत केली की पुरत नाही. मग हृदय ओरडतं. त्या ओरडण्याला आम्ही अंजायना म्हणतो. धमनी पूर्ण बंद झाली की बहुतेक वेळा माणूसच बंद होतो.

मी भिवाला दवाखान्यात बोलावलं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि पुस्तकात होतं ते सांगितलं, "भिवाभाऊ, आता पूर्ण विश्रांती. बेड रेस्ट. बांबूला हात लावायचा नाही."

"कार्तिकात?"

"कार्तिकातही नाही."

भिवानं बायकोकडे बघितलं. भामावैनी, दाराला टेकून उभ्या. उंच बाई, अंगानं काटक, बोलणं मोजकं.

"डाक्टरांका मानाचा सांगूक नाय तुमी?" त्या म्हणाल्या.

मान मला माहीत होता. आमच्या गावचा देव वर्षातून एकदा, कार्तिकात, खाडीपलीकडच्या बहिणीला भेटायला जातो. पालखी होडीत बसते. ती होडी तारी घराण्यातल्या माणसानंच न्यायची. बांबूला दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही, आणि पाण्यात मध्ये थांबायचं नाही. देव थांबलेला चालत नाही. थांबला, किंवा त्या घरातला माणूस बांबूला उभा राहिला नाही, तर मान त्या घरातून उठला, दुसऱ्या घरात गेला, कायमचा. भिवाला मुलगा नव्हता. दोन मुली, दोघी सासरी. चुलतभाऊ गंगाराम मात्र होता, पलीकडच्या काठावर, बैलासारखा तयार.

"गंगाराम नेईल एक वर्ष," मी म्हणालो. मोठी शहाणपणाची सूचना केल्यासारखा चेहरा केला असणार मी.

भिवा हसला. "डाक्टरानू, आजो गेलो, बापूस गेलो, मान ऱ्हवलो. आता मी ऱ्हवान मान जायत, तर माका जिवंत ठेवून तुमी करतलास काय?"

मी मुंबईला आमच्या सरांना पत्र लिहिलं.

सर म्हणजे माझे सर्जरीचे बॉस. उंचीनं आखूड आणि आवाजानं भलते लांब. त्या काळी जगभरच्या सर्जनांना एकच वेड लागलं होतं. धमनी भरली, ती उघडता येत नाही, मग हृदयाला रक्ताच्या नव्या वाटा फोडायला लावता येईल का? त्यासाठी लोकांनी काय काय केलं, सांगितलं तर तुम्ही म्हणाल डॉक्टर थापा मारतो. काही सर्जन छाती उघडून हृदयाभोवतीच्या पिशवीत चक्क टाल्कम पावडर टाकत. पावडरीनं तिथे जळजळ व्हावी, पिशवी हृदयाला चिकटावी आणि चिकटलेल्या जागेतून बारीक रक्तवाहिन्या फुटाव्यात! मी शिकत असताना एकदा उघड्या छातीत धडधडणारं हृदय बघितलं होतं. इतकं देखणं, इतकं बिचकलेलं काही मी त्याआधी बघितलं नव्हतं. त्याच्यावर पावडर टाकायची कल्पना ज्याला सुचली त्याला मी मनातल्या मनात दंडवत घातला आणि दोन पावलं मागे सरकलो.

सरांकडचा उपाय त्यामानानं सभ्य होता. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही अंगांना, आतून, एकेक धमनी खाली उतरते. तिच्या वरच्या भागातून हृदयाच्या पिशवीकडे बारीक फांद्या जातात. दोन लहान छेद घ्यायचे, दोन्ही धमन्या रेशमी धाग्यानं बांधून टाकायच्या. खाली जायला वाट नाही म्हटल्यावर रक्त तुंबणार, त्या बारीक फांद्यांत शिरणार आणि हृदयापर्यंत नव्या वाटा करणार. जागेपुरती भूल, अर्ध्या तासाचं काम. पेशंट दुसऱ्या दिवशीच म्हणतात, दुखणं कमी झालं.

"मेमध्ये आंबे खायला येतोच आहे," सरांचं उत्तर आलं. "हत्यारं घेऊन येतो. तू सुरमई सांगून ठेव."

मी आनंदानं भिवाच्या घरी गेलो. भिवा म्हणाला, "कौल लावूक व्हयो."

कौल म्हणजे देवाची परवानगी. देवाच्या अंगाला उजवीडावीकडे भिजवलेले तांदळाचे दाणे चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवा दाणा आधी पडला की हो, डावा पडला की नाही. देऊळ टेकडीवर, चिऱ्याच्या पायऱ्या चढून जायचं. भिवाला चार माणसांनी खुर्चीत बसवून वर नेलं. तो सबंध वाटभर शरमेनं डोळे मिटून बसला होता.

सदा गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्यो भिवा तारी तुज्या पायाकडे इललो आसा... त्येच्या छातीत जी काय कळ येता... ती काडूक जो काय मुंबयचो डाक्टर येतलो आसा... त्येच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. मीही. पदवी खिशात ठेवून.

दाणा पडेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ना उजवा, ना डावा. गुरवानं डोक्याचं मुंडासं सारखं केलं आणि प्रश्न बदलला.

"बा देवा, तो कापून घेता. पण कापून घेतल्यार घरात निजान ऱ्हवाचो नाय. दर दिसाक तुज्या पायरेर येतलो. जितको जमात तितको चढतलो. कळ इली काय थयच गोटो ठेवतलो, थयसूनच तुका हात जोडतलो आणि फाटी फिरतलो. दुसऱ्या दिसाक त्या गोट्यापर्यंत तरी येतलो. तुका बरा दिसता?"

उजवा दाणा टपकन पडला.

बाहेर आल्यावर मी गुरवाला धरलं. "सदाभाऊ, ऑपरेशननंतर सहा आठवडे अंथरुणावर ठेवायचं असतं. हे पायऱ्यांचं कुठून काढलंत?"

"मी खंय काडलंय? देवान दाणो दिल्यान."

"प्रश्न तुम्ही विचारलात!"

"डाक्टर, तुमी आडवो घालतास, देव उबो करता. दोगांनी मिळान भिवाक मधे वाकडो करू नकात म्हंजे झाला."

आणखी एक अट होती. देवाच्या पायऱ्या मोजायच्या नाहीत. देवाचं आहे ते मोजू नये, असा आमच्याकडचा रिवाज. गोटा ठेवायचा, आकडा धरायचा नाही. मी अर्थातच उतरताना मोजल्या. शहात्तर. देवानं मला माफ केलं असावं, निदान अजून काही केलेलं नाही.

सर आले. सुरमई खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या टेबलावर भिवाला घेतला. या टेबलावर तोवर हर्निया आणि गळवं एवढीच कापली गेली होती. भूल फक्त छातीपुरती, त्यामुळे पेशंट पूर्ण जागा. आणि भिवा जागा म्हणजे बोलणार.

"सायबानू, काय बांदतास?"

सरांना शिकवायची हौस. छेद घेता घेता म्हणाले, "हे बघ, तू खाडीवरचा माणूस आहेस. खाडीला बांध घातला की पाणी अडतं ना? अडलं की दुसरीकडे चढतं. तसं रक्त तुझ्या हृदयाकडे चढेल."

मग भिवा म्हणाला, "सायबानू, रागावू नकात. मीया जल्मभर बांद बगलंय. बांद घातल्यार पानी चडता ह्या खरा. पण आपणाक होया थय चडता, असा नाय. ता त्येका होया थय जाता."

सर थांबले. मास्कच्या वर त्यांचे डोळे मला दिसत होते. "हा फर्स्ट क्लास प्रश्न आहे," ते मला म्हणाले. "उत्तर नंतर शोधू. धागा दे."

डावी गाठ सरांनी मारली. उजवी मला मारू दिली. ती सरांच्या गाठीइतकीच सरळ बसली असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत होतो.

टाके निघाल्यावर, बाराव्या दिवशी, भिवानं माझ्या शिव्या खाऊनच बांबू हातात घेतला. मी मोजू लागलो. बावीस गेले. तीस गेले. पंचेचाळिसाव्याला तो थांबला. पंचेचाळीस! दुप्पट! मला होडीत नाचावंसं वाटत होतं, पण होडी लहान होती. त्याच संध्याकाळी सरांना पत्र टाकलं.

पुढे पावसाळा आला आणि तर बंद झाली. भिवा रोज सकाळी इरलं घेऊन देवाच्या पायऱ्यांकडे जायचा. खाडीला लांबचा वळसा घालून दवाखान्यात जाताना मी वाटेत बघायचो. समुद्रावरचा एक गुळगुळीत काळा गोटा, नारळाएवढा, एका पायरीच्या कडेला ठेवलेला असायचा. आज इथे, चार दिवसांनी एक पायरी वर, पुन्हा चार दिवसांनी आणखी एक. आषाढात तो तिसाव्या पायरीवर होता, श्रावणात चाळिसाच्या आसपास. मला ऑपरेशनचा अभिमान वाटायचा.

एकदा भिवा भेटला तो विचारात. "डाक्टरानू, एक सांगू? देव माज्यापेक्षा एक पायरी फुडे चलता."

"म्हणजे?"

"म्हंजे वर पोचतंय आणि बगतंय तर गोटो माका वाटला त्येच्या फुडेच. काल मी हयसर इललंय? मी म्हणतंय, नाय. गोटो म्हणता, व्हय. मगे काय करतलंय? त्येच्यापर्यंत जातंय."

मला वाटलं, भक्तिभावानं बोलतोय. मी मान डोलावली. देवाच्या गोष्टीत डॉक्टरनं फार खोलात जाऊ नये.

पाऊस ओसरून तर पुन्हा सुरू झाली तेव्हा भिवा सत्तर रेट्यांपर्यंत आला होता. आणि आश्विनात सरांचं पत्र आलं.

मी ते होडीतच उघडलं. सरांचं अक्षर एरवी ऐटबाज, या पत्रात बसकं. परदेशात काही डॉक्टरांनी या ऑपरेशनची पारख केली होती. काही पेशंटांच्या धमन्या खरोखर बांधल्या. काहींच्या नुसत्या कातडीला छेद दिला, आत काहीच केलं नाही, शिवून टाकलं. कोणाला काय केलं ते पेशंटांना सांगितलं नाही. दोन्हीकडच्या पेशंटांना सारखंच बरं वाटलं. म्हणजे गुण गाठीचा नव्हताच. ऑपरेशन झालं या समजुतीचा होता. शेवटी सरांनी लिहिलं होतं, "तू कळवलेलं खरं असेल, पण आपण केलेलं खोटं निघालं. मी यापुढे हे ऑपरेशन करणार नाही. त्या तारीचा प्रश्न मला तेव्हाच झोंबला होता."

मी पत्राची घडी घातली. समोर भिवा बांबू रेटत होता. एकाहत्तर. बाहत्तर. कसल्या जोरावर? माझी गाठ फुकट. मग याच्या छातीत आहे काय? नुसती समजूत? समजुतीवर माणूस बाहत्तर रेटे मारतो, आणि ती गेली की? पंधरा दिवसांवर पालखी. आत्ता सांगितलं आणि पालखीच्या दिवशी बाविसाव्या रेट्याला कळ आली तर? आणि नाही सांगितलं, समजुतीच्या भरात त्यानं जीव ओढला आणि होडीतच कोसळला तर?

"कागद वाईट आसा?" भिवानं विचारलं.

"सरांना आंबे बाधले," मी म्हणालो. डॉक्टरी व्यवसायात इतकं वाईट खोटं मी पुन्हा बोललो नाही.

पालखीच्या दिवशी दुपारची भरती होती. दोन्ही काठांवर गाव लोटलेला. पलीकडे गंगाराम धोतर खोचून उभा. माझा हट्ट होता, मी होडीत बसणार. गावकऱ्यांनी कुरकुर केली, पण गुरव म्हणाला, "बसांदेत. डाक्टर म्हंजे एक औषधाची बाटलीच ती." मी गोळ्यांची शिशी मुठीत धरून बसलो. भामावैनी काठावर होत्या. भिवाकडे बघत नव्हत्या. टेकडीकडे बघत होत्या.

ढोल थांबले. भिवानं बांबू पाण्यात घातला.

वीस, बावीस. माझा श्वास अडकला, त्याचा नाही. चाळीस. साठ. सत्तर. त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता, पण खांदे एका लयीत पुढे-मागे होत होते. पंच्याऐंशी. नव्वद.

नव्वद झाले आणि काठ आला नाही.

मी मूर्ख. पालखीचं वजन, वर चौदा माणसं, होडी वीतभर जास्त बुडालेली. नव्वद कसे पुरणार? काठ अजून बराच दूर होता. त्र्याण्णव. पंच्याण्णव. सत्त्याण्णवाव्या रेट्याला भिवानं हात बदलला आणि बांबू क्षणभर हवेत राहिला. मी शिशीचं झाकण उघडून अर्धा उठलो.

"डाक्टरानू," मागे न बघता तो म्हणाला, "खाली बसा. पान्याकडे बगा."

एकशे चाराव्या रेट्याला होडी वाळूला लागली. "व्हय म्हाराजा!" असा काही आवाज उठला की माझ्या हातातल्या गोळ्या पाण्यात सांडल्या. खाडीतले शिंपले, मुळे-खुबे, त्या वर्षी निवांत झोपले असतील.

देव बहिणीला भेटून परतला, मान भिवाच्या घरी राहिला. दोन दिवसांनी मी त्याला सरांचं पत्र वाचून दाखवलं. माझ्यानं ते पोटात ठेवणं होईना.

भिवानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे माका फुकट फाडलास?"

"हो."

"मगे कळ खंय गेली?"

"माहीत नाही."

"तुमका म्हायत नाय, माका म्हायत नाय." त्यानं बांबू उचलला. "मगे गेली ती गेली. बसा, भरती सुटता."

त्यानंतर सात कार्तिकांत सात वेळा त्यानं देव पलीकडे नेला. पायऱ्या सोडल्या नाहीत. गोटा वर देवळाच्या उंबऱ्याशी जाऊन बसला होता.

भिवा गेला तो हृदयानं नाही. कुंपणाचे चिरे रचताना त्याला फुरसं चावलं. वीतभराचा साप. आमच्याकडे त्यावरचं इंजेक्शन संपलं होतं, दुसरीकडून येईपर्यंत उशीर झाला. मी दोन दिवस त्याच्यापाशी होतो. काही करू शकलो नाही.

सर्पदंश म्हणजे पोलीस पंचनामा, आणि पंचनामा म्हणजे पोस्टमॉर्टेम. ते करणारा सरकारी माणूस गावात एकच, मी. दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत जाण्याआधी मी भामावैनींना विचारलं, "वैनी, भिवाभाऊंचं काळीज मी जरा नीट बघू का? साप चावल्याच्या कागदासाठी त्याची गरज नाही. माझ्यासाठी."

त्यांनी पत्र्याच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बगा. तुमीच बगूचा. दुसरो कोण बगतलो?"

आधी मी गाठी बघितल्या. दोन्ही जागच्या जागी. रेशीम तसंच. उजवी, माझी, थोडी तिरकी होती, पण घट्ट. सुंदर गाठी. काही उपयोग नाही, पण सुंदर.

मग हृदय हातात घेतलं. हृदयाच्या पुढच्या अंगानं खाली उतरणारी डावी धमनी ही सगळ्यांत महत्त्वाची. मुळापासून बोटभर अंतरावर सुरी घातली तर कर्र आवाज आला, कालवाचं शिंपलं तासावं तसा. धमनी बंद. अर्धी नाही, पूर्ण. सुईच्या टोकाला जागा नाही. आणि ही आजची बंद नव्हे, कित्येक वर्षांची. ज्या माणसानं माझ्या डोळ्यांदेखत एकशे चार रेटे मारले, त्याची मुख्य धमनी बहुधा त्या दिवशीही अशीच असणार.

पण तिच्या खालचा स्नायू मेलेला नव्हता. लालसर, जाड, ठणठणीत. रक्त मिळाल्याशिवाय स्नायू असा राहत नाही. कुठून मिळालं?

मला एक युक्ती सुचली. जखमांना लावायचं जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट, सलाइनमध्ये पातळ केलं. ते मोठ्या सिरिंजमध्ये भरून उजव्या बाजूच्या, दुसऱ्याच धमनीत हळूहळू सोडायला लागलो. आधी उजवी बाजू जांभळी झाली. ते अपेक्षित होतं. मग मागची. मी दाबत राहिलो. आणि मग हृदयाच्या टोकाकडून, खालून वर, केसासारखी एक जांभळी रेघ निघाली. तिच्या बाजूला दुसरी. मग पाच, मग मोजता येईनात. वळणावळणाच्या, नागमोडी, एकमेकींत मिसळणाऱ्या, ओहोटीला चिखलात पाण्याच्या वाटा दिसतात तशा. त्या बंद धमनीपर्यंत आल्या, तिच्यात शिरल्या, आणि मी कापलेल्या जागेच्या पलीकडच्या टोकातून एक जांभळा थेंब बाहेर आला.

मी सिरिंज खाली ठेवली. माणसाच्या हृदयात अशा वाटा फुटाव्यात म्हणून थोरामोठ्यांनी पावडरी टाकल्या, धागे बांधले. इथे त्या फुटलेल्या होत्या. कोणी न बोलावता, रात्रंदिवस, आमच्या होडीत उभ्या असलेल्या माणसाच्या आत. पत्र्यावर कावळा चालत होता. त्या खोलीत मी एकटाच होतो, तरी मी हात जोडले. गावात हात जोडायची सवय लागते.

तेरावं झाल्यावर भामावैनींकडे गेलो. त्या अंगणात माडाच्या झावळ्यांची झापं विणत होत्या. मी सगळं सांगितलं. मोठी वाट बंद होती. बाजूनं शेकडो लहान वाटा फुटल्या होत्या. मेहनत हळूहळू, कळ येईल तिथे थांबत, पण रोज थोडी वाढवत गेलं की हृदयाला अशा वाटा काढायला वेळ मिळतो, असं आता काही डॉक्टर म्हणू लागलेत. "वैनी, ते माझं ऑपरेशन नव्हतं, त्या पायऱ्या होत्या. ते एकेक पायरी पुढे गेले ना, त्यानं."

वैनींचे हात थांबले नाहीत. "तो खंय फुडे जाय! दर दिसाक कळ इली काय गोटो ठेवी आणि घराक येय. तीन तीन दिस गोटो थयच. घराक येवन तोंड पाडून बसा. जेवी नाय."

"मग?"

"मगे काय? टेकडेर गवताक जाय तवा मीया सरकवी. एक पायरी."

मी झापांकडे बघत राहिलो.

"रोज नाय हां," त्या घाईनं म्हणाल्या. "तीन दिस थयच ऱ्हवलो काय मगेच. आणि ज्या दिसाक दमान येय, त्या दिसाक एक पायरी खाली आणी. उगाच खोटा कशाक बोला?"

"आणि ते ओळखायचे नाहीत?"

"पायऱ्यो मोजूच्यो नाय ना!" त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच हात थांबले. "ओळखल्यानी आसतला. पन देवाचो गोटो म्हणान गप ऱ्हवले."

आता मोठ्या हॉस्पिटलांत हलत्या पट्ट्याचं मशीन असतं. पेशंटला त्यावर चालवतात, छातीला वायरी लावतात, काही दिवसांनी वेग एका खुणेनं वाढवतात, दमला की एका खुणेनं उतरवतात. पहिल्यांदा मला ते दाखवलं तेव्हा शेजारच्या तरुण डॉक्टरनं अभिमानानं विचारलं, "सर, कशी वाटली पद्धत?" मी म्हणालो, "छान आहे. गवत कापायला कोण जातं?" त्याला वाटलं, मी म्हातारा होत चाललोय.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. कदाचित त्या वाटा पायऱ्यांशिवायही फुटल्या असत्या. शरीर आपल्याला विचारून काही करत नाही, आणि भिवा म्हणाला तसं पाणी त्याला हवं तिथे जातं. पण केसपेपरवर आम्ही काय काय लिहितो, नाव, वय, तक्रार, औषध, ऑपरेशन, गुण. भिवाच्या केसपेपरवर गुणाच्या रकान्यात माझी आणि सरांची सही आहे, आणि जिच्यामुळे गुण आला असेल तिचं नाव फक्त एकदा आहे. "सोबत आलेले नातेवाईक" या रकान्यात.